दाराची रुंदी मोजता, मग रात्रपाळीच्या मावश्या का नाही?

वृद्धाश्रमांना आणि ‘असिस्टेड लिव्हिंग’च्या नावाने चालणाऱ्या निवासांना परवाना सक्तीचा करा, त्यांची तपासणी करा आणि तपासणीचा अहवाल लोकांना वाचू द्या, अशी मागणी केली की समोरून ठरलेली उत्तरं येतात. इन्स्पेक्टर येतील, पाकिटं द्यावी लागतील. लहान सेवाभावी वृद्धाश्रम बंद पडतील. हा नातेवाईक आणि संस्था यांच्यातला करार आहे, सरकारचा इथे काय संबंध? आणि अहवाल जाहीर केले तर एका चुकीवरून आयुष्यभराच्या सेवेची बदनामी होईल. ही उत्तरं देणाऱ्यांत निव्वळ धंदा म्हणून उतरलेले लोक आहेत, तशीच परक्या म्हाताऱ्या माणसांचं हगणं-मुतणं वर्षानुवर्षं आपल्या हातांनी काढलेली माणसंही आहेत. त्यामुळे ती झटकून टाकता येत नाहीत. त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे.

आज महाराष्ट्रात खाजगी वृद्धाश्रमाच्या ऑफिसात गेलात तर भिंतीवर फ्रेम केलेली बरीच प्रमाणपत्रं दिसतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची ट्रस्टची नोंदणी, देणगीदारांना करसवलत देणारं 80जी, शॉप अ‍ॅक्ट (मुंबईत गुमास्ता), स्वयंपाकघराच्या अन्न परवान्याचा कागद. एवढे शिक्क्यांचे कागद पाहून नातेवाइकाला वाटतं की सगळं सरकारी नजरेखाली आहे. पण ट्रस्टची नोंदणी पैशांचा हिशेब मागते, गुमास्ता कामगारांची संख्या मागतं. अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस रात्री कोण बदलतं, किती तासांनी बदलतं, हे यातला एकही कागद सांगत नाही आणि ते विचारणारा माणूस कुठल्याही खात्यात नेमलेला नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा केंद्रीय कायदा अनेकांना माहीत आहे, पण तो मुख्यतः मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देणारा कायदा म्हणून. त्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, 150 निराधार वृद्धांची सोय असलेला वृद्धाश्रम सरकारने उभारावा असं म्हटलं आहे, आणि तेही ‘उभारू शकेल’ अशा सैल भाषेत. पैसे घेऊन चालणाऱ्या खाजगी निवासांची नोंदणी त्यात कुठेच नाही. ही उणीव दिल्लीलाही मान्य होती. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात वृद्धांच्या निवासांची आणि घरी सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी, किमान मानकं, नोंदणी रद्द करण्याची तरतूद, सगळं होतं. स्थायी समितीने जानेवारी 2021 मध्ये त्यावर अहवाल दिला. पुढे ते चर्चेलाच आलं नाही आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर गतप्राण झालं. हे विधेयक येण्याच्या एक वर्ष आधी, डिसेंबर 2018 मध्ये, माजी कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावं लागलं होतं की प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून मिळवा. देशात वृद्धाश्रम आहेत तरी किती, हा प्रश्न तेव्हा न्यायालयाच्या पायरीवर होता.

‘परवाना हे विदेशी खूळ आहे’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच कायद्यांकडे पाहावं. अनाथ मुलांची संस्था चालवायची तर 2015 च्या बालन्याय कायद्याखाली नोंदणी हवी. ती नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. अपंग व्यक्तींच्या संस्थेला 2016 च्या कायद्याखाली नोंदणी लागते, मनोरुग्णांच्या संस्थेला 2017 च्या. स्त्रियांच्या आणि मुलांच्या संस्थांना परवाना लागावा, हा विचार तर 1956 मध्येच कायद्यात उतरला. ज्यांना स्वतःहून दार उघडून निघून जाता येत नाही अशा माणसांना कुणी चार भिंतींत ठेवून घेत असेल, तर समाजाने तिथे डोकावलं पाहिजे, हे तत्त्व आपण केव्हाच मान्य केलं आहे. मग म्हातारी माणसंच का वगळली? जीएसटी कायद्याला वृद्धाश्रम ओळखता येतो. धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात दरमहा 25,000 रुपयांपर्यंतच्या शुल्कावर कर नाही, अशी सूट 2018 पासून आहे. करखात्याला जी संस्था दिसते ती समाजकल्याण खात्याला दिसू नये, याचं समर्थन कुणी करू शकत असेल तर ते मला ऐकायचं आहे.

राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाने, म्हणजे महारेराने, मे 2024 मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले. दारं किमान 900 मिलिमीटर रुंद हवीत, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट हवी, रॅम्प हवा, आणि हे सगळं विक्रीच्या करारात लिहिलेलं हवं. नियम चांगले आहेत. पण महारेराचं काम बिल्डरपुरतं. इमारत ताब्यात दिली की ते जवळपास संपतं, आणि म्हाताऱ्या माणसाचं तिथलं राहणं त्यानंतर सुरू होतं. दार किती रुंद असावं हे राज्याने ठरवलं. त्या दाराआड चाळीस माणसांमागे रात्री किती मावश्या असाव्यात, याबद्दल राज्याचा एक शब्दही नाही.

आता इन्स्पेक्टर राजचा आक्षेप. त्याला माझं उत्तर असं, की इन्स्पेक्टर आजही येतात. अन्न विभागाचे येतात, अग्निशमनाचे येतात, महापालिकेचे येतात, धर्मादाय कार्यालयाची नोटीस येते. ज्याला पाकीट घ्यायचं आहे त्याच्यासाठी दारं आजही उघडी आहेत. येत नाही तो फक्त तिथे राहणाऱ्या माणसाची पाठ उघडून बेडसोर पाहणारा. शिवाय लाच कशाच्या जोरावर मागितली जाते? अहवाल फायलीत बंद राहतो आणि त्यात काय लिहायचं हे अधिकारी आणि संस्थाचालक या दोघांनाच माहीत असतं, त्या जोरावर. अधिकाऱ्याने कधी भेट दिली, काय पाहिलं, कोणती त्रुटी लिहिली आणि ती कधी दुरुस्त झाली, हे महिन्याभरात संकेतस्थळावर आणि संस्थेच्या दर्शनी फलकावर लागलं, तर खोटा अहवाल रविवारी भेटायला आलेली प्रत्येक मुलगी आपल्या डोळ्यांनी ताडून पाहील. ‘पुरेसे कर्मचारी’ असं लिहिलेलं आणि आई मात्र सकाळपासून ओल्या डायपरमध्ये, हे तिला दिसेल. म्हणून या मागणीतला परवाना आणि जाहीर अहवाल वेगळे करू नयेत. नुसता परवाना आला आणि अहवाल गुप्त राहिला, तर आक्षेप घेणाऱ्यांची भीती शंभर टक्के खरी ठरेल आणि मीही त्यांच्या बाजूने उभा राहीन.

यावर जाणती माणसं मुझफ्फरपूरचं उदाहरण देतात. मला हा सगळ्यांत गंभीर आक्षेप वाटतो. बिहारमधलं ते बालिकागृह चोरून चालवलेलं नव्हतं. त्याला सरकारी अनुदान होतं, अधिकाऱ्यांच्या भेटी होत होत्या, रजिस्टरं भरली जात होती. तरीही आत मुलींवर अत्याचार होत राहिले. मग परवान्याने काय साधलं?

ते उघडकीला कसं आलं हे मात्र पूर्ण सांगितलं पाहिजे. बिहार सरकारने राज्यातल्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण करायचं ठरवलं आणि ते काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाकडे दिलं. हे लोक बाहेरचे होते. त्यांनी रजिस्टरांवर भागवलं नाही, आत राहणाऱ्यांशी ते बोलले. एप्रिल 2018 मध्ये त्यांचा अहवाल सरकारला गेला, मेच्या अखेरीस गुन्हा नोंदला गेला, आणि जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने 19 जणांना दोषी ठरवलं. मी यातून दोन गोष्टी घेतो. एक, खात्याच्या माणसाने खात्याच्या माणसाला दिलेल्या अहवालावर विसंबता येत नाही. तपासणीत बाहेरचं कुणीतरी हवं आणि त्याला राहणाऱ्यांशी एकट्याने बोलता आलं पाहिजे. दुसरं, त्या संस्था सरकारच्या यादीवर होत्या म्हणून तर त्यांच्या लेखापरीक्षणाचा आदेश निघू शकला. महाराष्ट्रातल्या खाजगी वृद्धाश्रमांचं असं लेखापरीक्षण उद्या करायचं ठरवलं, तर ‘कोशिश’सारख्या गटाच्या हातात कोणती यादी द्याल? यादीच नाही.

यादी नसते तेव्हा काय होतं, ते जून 2025 मध्ये नोएडाच्या सेक्टर 55 मध्ये दिसलं. एका वृद्धाश्रमातल्या आजींचे हात बांधलेले असल्याचा व्हिडिओ पसरला, मग राज्य महिला आयोग आणि पोलीस तिथे पोचले. आत माणसं खोल्यांत कोंडलेली सापडली, सुमारे 40 वृद्धांना तिथून हलवावं लागलं. ती संस्था रातोरात उभी राहिलेली नव्हती. शेजारी होते, नातेवाईक होते, देणगीदार होते. तरी ते उघड व्हायला कुणाच्या तरी मोबाइलमधला व्हिडिओ लागला. आपली देखरेखीची व्यवस्था आज एवढीच आहे, आणि ती सुद्धा कुणाला दया आली तर. दिल्लीच्या ग्रेटर कैलाशमध्ये 1 जानेवारी 2023 च्या पहाटे ज्येष्ठांच्या एका निवासाला आग लागली आणि दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. ती वस्ती श्रीमंतांची. तेव्हा ‘महागडं निवडलं की काळजी नाही’ हा दिलासा कुणी स्वतःला देऊ नये.

लहान संस्थांच्या प्रश्नावर मात्र मी विरोधकांचं बरंचसं ऐकायला तयार आहे. भाड्याच्या बंगल्यात पंधरा-वीस माणसं, निवृत्त नर्सबाई, दोन मावश्या, एक मामा आणि गावातून येणारा भाजीपाला यावर चालणाऱ्या जागा मला माहीत आहेत. त्यांतल्या काहींत जी माया आहे ती काचेच्या लॉबीत मिळत नाही. अशांना उद्या सांगितलं की माणशी इतके चौरस फूट हवेत, इतक्या लिफ्ट हव्यात, तर त्या बंद पडतील आणि त्यांची माणसं कुठेही जाऊ शकणार नाहीत. चौरस फुटांचे नियम मोठ्या कंपन्यांना परवडतात, किंबहुना सोयीचे जातात. म्हणून नियम कशाबद्दल आहे हे महत्त्वाचं. मी मागतो ते रजिस्टर आहे. कोण कधी पडलं, कुणाला बेडसोर झाला आणि तो आत आल्यावर झाला की हॉस्पिटलातून घेऊन आलं, कुणाला बांधून ठेवलं आणि कोणत्या डॉक्टरच्या सांगण्यावरून, कुणाला झोपेच्या गोळ्या सुरू आहेत, रात्रपाळीला कोण होतं. याला शंभर पानी वही आणि रोजची दहा मिनिटं लागतात. चांगली नर्स हे आजही लिहिते. जिला हे लिहिणं जमत नाही अशा संस्थेत अंथरुणावरचं माणूस ठेवू नये, मग ती कितीही मायेची असो. बांधकामाच्या त्रुटींसाठी तात्पुरती नोंदणी द्या, दोन वर्षांची मुदत द्या, ट्रस्टना अनुदान द्या. वहीसाठी मुदत नको.

‘हा खाजगी करार आहे’ म्हणणारे करार कोण करतं ते पाहात नाहीत. सही करतो मुलगा, तो सिडनीला किंवा न्यू जर्सीला. पैसे जातात त्याच्या खात्यातून. सेवा घेते आई, आणि तिला डिमेन्शिया आहे, किंवा ती शुद्धीत आहे पण बोलायला घाबरते, कारण इथून काढलं तर कुठे जायचं हे तिला ठाऊक नाही. ज्याला माल पसंत नाही तो दुसऱ्या दुकानात जाईल, हा बाजाराचा नियम इथे चालत नाही. डिपॉझिट अडकलेलं असतं, दुसरी जागा मिळत नाही, आणि हलवण्यानेच म्हातारं माणूस खचतं. त्यात आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवलं ही गोष्टच कुटुंब चारचौघांत लपवतं. तक्रार करायची तर आधी ते कबूल करावं लागतं. जखम दिसली तरी मुलगा गप्प बसतो, कारण पोलिसात किंवा वर्तमानपत्रात गेलं की पहिला प्रश्न संस्थेला नाही, त्याला विचारला जाईल, ‘तुम्ही घरी का नाही सांभाळलंत?’ वाईट संस्था या लाजेवर जगतात. मुलांनी सांभाळावं, ही आपली संस्कृती, असं व्याख्यान देणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो: तुमच्या व्याख्यानाने एकही आजी घरी परत गेलेली नाही, पण कित्येकांच्या तक्रारी मात्र तोंडातच राहिल्या आहेत.

त्याच मुलाला परदेशात काय उपलब्ध आहे? इंग्लंडमध्ये केअर होमला मिळालेला दर्जा 2015 पासून दर्शनी भागात लावावा लागतो, आणि शेवटची तपासणी कधी झाली हेही कुणालाही पाहता येतं. अमेरिकेत असिस्टेड लिव्हिंगचा कारभार राज्यांकडे आहे, आणि कॅलिफोर्निया, फ्लोरिडासारख्या राज्यांत तपासणीचे निष्कर्ष संकेतस्थळावर असतात. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. इंग्लंडच्या नियामक आयोगाचं 2024 मध्ये स्वतंत्र परीक्षण झालं, तेव्हा त्याच्या अखत्यारीतल्या साधारण पाचव्या हिश्शाच्या ठिकाणांना कधी दर्जाच मिळालेला नाही असं निघालं. अमेरिकेत नर्सिंग होमना तारे देण्याची पद्धत 2008 मध्ये सुरू झाली. कर्मचाऱ्यांची संख्या संस्था स्वतःच कळवत होत्या, ती फुगवली जाते हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 2014 मध्ये मांडलं, आणि 2016 पासून पगारपत्रकावरून ती संख्या घेणं सक्तीचं झालं. आपण हा धडा फुकट घेऊ शकतो. मावश्या किती, हे संस्थेला तोंडी विचारू नका. पगाराचा किंवा मावश्या पुरवणाऱ्या ब्युरोला दिलेल्या पैशांचा हिशेब पाहा आणि तो आकडा फलकावर लावा.

बदनामीबद्दल एवढंच, की कुणाचंही नाव जाहीर करायला कुणी सांगत नाही. गेल्या वर्षी किती जण पडले हा आकडा आहे, त्यात कुणाची अब्रू नाही. जिथे माणसं चालतात तिथे ती पडतात, हे वाचणाऱ्यालाही समजतं. उलट एकही पडलं नाही असं लिहिणाऱ्या संस्थेत सगळ्यांना खुर्चीला बांधून तर ठेवत नाहीत ना, असा प्रश्न नातेवाईक पुढे विचारायला शिकतील. आणि आज बदनामी होते ती नेमकी कुणाची? नोएडासारखी एक बातमी आली की चांगल्या वृद्धाश्रमालाही लोक त्याच नजरेने पाहतात, कारण दोघांत फरक दाखवणारा एकही जाहीर कागद अस्तित्वात नाही.

दिल्लीच्या विधेयकाची वाट पाहायची गरज नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्याच्या सूचीतला विषय आहे. शिवाय आपल्याकडे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. आजार, इजा किंवा दुबळेपणा असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा, अशी त्याची व्याख्या आहे. नाकात नळी, कॅथेटर, दिवसातून दोनदा ड्रेसिंग असलेली माणसं ज्या ‘निवासा’त आहेत, तिथे हा कायदा का लावू नये, याचं उत्तर आरोग्य खात्याने द्यावं. याच कायद्याच्या नियमांत 2021 मध्ये बदल झाला आणि रुग्णहक्कांची सनद व 15 सेवांचे दर दर्शनी भागात लावणं रुग्णालयांना बंधनकारक झालं. तो फलक कुठे लागतो, कुठे लागत नाही, हे खरं. पण तो लावा म्हणून अडून बसण्याचा हक्क तेव्हापासून पेशंटच्या माणसाला आहे.

आणि चांगल्या संस्थांना कायद्याची वाट पाहायचं कारण तर मुळीच नाही. तुम्ही उद्या सकाळी रात्रपाळीची संख्या, वर्षभरात पडलेल्यांचा आणि बेडसोर झालेल्यांचा आकडा, डिपॉझिट परत करण्याची अट आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव फाटकावर लावू शकता. खाली ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा 14567 हा क्रमांकही लिहा. पाच-पन्नास संस्थांनी एवढं केलं, तर बाकीच्यांना का केलं नाही हे सांगावं लागेल.

महाराष्ट्रात साठीपुढची माणसं 2011 च्या जनगणनेतच 1 कोटीहून जास्त होती. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, आणि निवडणुकीच्या आधी प्रत्येक उमेदवार त्यांच्या सभागृहात येऊन नमस्कार करून जातो. संघांनी पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला लेखी चार प्रश्न द्यावेत आणि सभागृहात तारांकित प्रश्न म्हणून लावायला सांगावेत: आपल्या जिल्ह्यात पैसे घेऊन वृद्धांना ठेवणाऱ्या जागा किती आहेत, त्यांत किती माणसं राहतात, त्यांची तपासणी कोणतं खातं करतं, आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल कुठे वाचायला मिळेल.